पैनगंगेचे दोन काठ

यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते. 1948 पर्यंत तिच्या पलीकडे निजामाचे राज्य होते. म्हणून हैदराबाद मुक्तिलढ्यातील कार्यकर्त्यांची एक छावणी अलीकडे, उमरखेडला होती. या काठावर वाढलेल्या एका प्राध्यापकांनी तो लढा बालपणी ऐकला, तो दोन धर्मांचा संघर्ष म्हणून. पुढे वाचनाने त्या कथनाला तडे गेले. रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिणारे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची हत्या ऑगस्ट 1948 मध्ये झाली. त्याच वर्षी दलित नेते बी. श्यामसुंदर निजामाच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रसंघात गेले. सवर्ण वर्चस्वाचे भय त्यांना निजामाच्या सत्तेहून मोठे वाटले असावे.

वर्गात प्राध्यापक फळ्यावर नदीची रेघ ओढीत, ही दोन नावे लिहीत आणि विचारीत, ‘यांना कोणत्या काठावर ठेवाल?’ वर्ग गप्प होई. धर्माच्या नावाने चालणारी सत्ता समाजातील एकच भेद खरा मानायला लावते. प्रतिकाराच्या कथेनेही तोच भेद प्रमाण मानला, तर सत्ता जाते, पण तिची संहिता उरते. ती रेघ न पुसताच ते वर्गाबाहेर पडत.