पूर्णेहून येलदरीपर्यंत

पौषातली दोन दिवसांची सुटी. पूर्णेहून पॅसेंजरने परभणी, तिथून एसटीने जिंतूर, जिंतूरला गाडी बदलून येलदरी कॅम्प. लहानपणी मामाकडे जायची हीच वाट होती. परवा गेलो तीही हीच. पूर्णा नदी आमच्या तालुक्यात गोदावरीला मिळते. तिच्या शेवटाला राहणारे आम्ही, सुटी लागली की नदीच्या उलट्या अंगाने तिच्या अडवलेल्या पाण्याकडे निघायचो. येलदरीचं धरण १९६८ साली पूर्ण झालं. मराठवाड्यात नजर पोचेल तिथवर पाणी दिसणं ही केवढी गोष्ट आहे, ते टँकरमागे घागर घेऊन पळालेल्यालाच कळतं. पाणी अजून तिथे आहे. वाटेवरचं बरंच काही गेलं, त्याची ही नोंद.

छोटी लाइन. निजामाच्या राज्यात, विसाव्या शतकाच्या तोंडाशी टाकलेली, रुळांमध्ये एक मीटर अंतर. आमच्या गावात वाफेच्या इंजिनांचं शेड होतं. खिडकीत बसलं की डोळ्यात कोळशाचा कण ठरलेला. मग आई पदराच्या टोकाचा बोळा करायची, त्यावर तोंडाची वाफ द्यायची आणि डोळा शेकायची. मिरखेल, पिंगळी, प्रत्येक ठिकाणी थांबा. गाडी इतकी सावकाश की रानातल्या ओळखीच्या माणसाला खिडकीतून विचारता यायचं, तूर कशी आहे, लेक नांदायला गेली का. नव्वदच्या दशकात ही लाइन रुंद झाली, अकोल्याकडचा फाटा २००८ मध्ये. ते झालं ते बरंच झालं. मुंबईला जाणाऱ्याचा मनमाडला गाडी बदलण्याचा त्रास वाचला. खिडकीतलं बोलणं मात्र संपलं.

पुठ्ठ्याचं तिकीट. बोटभर लांब, जाड. बाबू ते यंत्रात सारायचा, खट्ट आवाज व्हायचा आणि तारीख उमटायची. पोरांसाठी अर्धं तिकीट.

फिरकीचा तांब्या. पितळेचा, आतून कल्हई केलेला, आट्यांच्या झाकणाचा. झाकण फिरवून काढलं की आत पेला. परभणीच्या फलाटावर गाडी थांबली की तांब्या घेऊन नळाकडे धावायचं काम माझं. तेवढ्यात शिट्टी झाली तर आईचा जीव खालीवर. शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही त्याच पेल्याने पाणी दिलं जायचं. तो पेला तोंडाला न लावता वरून प्यायचा. गावात कल्हईवाला येईनासा झाला आणि हे तांबे माळ्यावर गेले.

एसटीतली घंटीची दोरी. छताखालून मागपासून पुढपर्यंत गेलेली. एक ओढ म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. कंडक्टरच्या हातात तिकिटांची पत्र्याची पेटी, वेगवेगळ्या पैशांची वेगवेगळ्या रंगांची तिकिटं, आणि बोटात अडकवलेला पंच. तिकीट नको असलं तरी तो पंच रिकामा टकटक वाजवत गर्दीतून वाट काढायचा. झरी मागे पडून बोरी येईपर्यंत त्याला सगळ्या गाडीची खबर असायची. कोण माहेराहून निघाली, कोण कोर्टात चाललाय, कुणाची पिशवी कुठे उतरवायची. भोकं पाडल्यावर उडालेल्या कागदाच्या टिकल्या आम्ही सीटखालून वेचायचो. आता यंत्रातून पांढरी पट्टी निघते. आठवड्यात तिच्यावरची अक्षरं उडतात.

रानातला हुरडा. यावर थोडं थांबतो, कारण हे जाताना मी पाहिलं. जिंतूर रस्त्याला दोन्ही बाजूंना थंडीत ज्वारी डोक्याच्या वर असायची. मधे लाकडाचा माळा, माळ्यावर गोफण घेऊन पाखरं राखणारी पोरगी, तिची हाळी. मामांच्या ओळखीच्या शेतात आगटी असायची. जमिनीत हातभर खड्डा, गोवऱ्यांचा विस्तव, राखेत खुपसलेली कणसं. कणीस भाजलं की हातावर चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा. सोबत तिळाची चटणी, गूळ, वर ताक. हात दिवसभर काळे. पैसे कोणी विचारायचं नाही. उलट जाताना ओचा भरून बोरं मिळायची. पुढे कापूस आला, मग सोयाबीन, त्याच्या मागून हरभरा. ‘परभणी मोती’ ही ज्वारीची जात इथल्याच कृषी विद्यापीठाची, पण परवा बोरी ते जिंतूर मला एकही माळा दिसला नाही. हुरडा आता माणशी दर लावून खुर्चीवर बसवून देतात. चव तीच असेल. मला त्यात ते रान दिसत नाही.

बुडीत. येलदरीच्या काठावर हा शब्द जाणती माणसं गावासारखा वापरायची. “आमचं रान बुडीतात.” पाणी उतरलं की म्हातारे बोट दाखवून सांगायचे, तिथे पार होता, तिथे विहीर. बोट दाखवणारे बहुतेक गेले. परवा मी एका तरुणाला विचारलं तर तो म्हणाला, तिथे पाणीच आहे ना. त्याचं चुकलं नाही.

चक्रवाक मात्र आहेत. तांबूस, जोडीने, पहाटेच्या धुक्यात उथळ पाण्यात उभे.

लोणारचा खार. दुसऱ्या दिवशी चारठाणा, मंठ्यावरून लोणार गाठलं. हद्द बुलढाण्याची, पण आमच्या पापडांची नाळ तिथलीच. उल्का पडून काळ्या पाषाणात झालेलं, काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटरचं विवर, त्यात खारं पाणी. उन्हाळ्यात पाणी आटलं की खार निघायचा. दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. प्रतीप्रमाणे नावं वेगळी. ऐन-ए-अकबरीतही लोणारची नोंद आहे. आजी पापडाच्या पिठात हाच खार घालायची. २००० साली अभयारण्य झालं, २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा जगभर फोटो गेले, त्याच वर्षी रामसर यादीत नाव लागलं. हे सगळं व्हायलाच हवं होतं. आता चिंता वेगळी आहे: पाणी चढतंय, कमळजादेवीच्या देवळाला लागलंय, आणि गोडं पाणी मिसळत राहिलं तर खारेपणच उतरेल. खाराची ती नावं मी काठावरच्या एका दुकानात म्हणून दाखवली. दुकानदाराने ‘पापडी’ एवढीच ओळखली.

घरी आल्यावर माळ्यावरून तांब्या काढला. आटे गच्च बसले होते, तेल सोडून रात्रभर ठेवला, सकाळी फिरला. तुमच्याकडे असा तांब्या असेल तर मोडीत देऊ नका. या थंडीत पाणी भरून जिंतूरच्या गाडीत बसा, आणि शेजारच्याला आधी द्या.