जुना झालेला फोन मी पाहिलाच नव्हता

एका मराठी दैनिकाच्या पुरवणीत मी बरीच वर्षं मोबाइलचे रिव्ह्यू लिहीत होते. त्याच पानावर खाली सायबर सुरक्षेच्या बातम्यांची चौकट असायची, तीही माझ्याकडेच होती. वर 'हा फोन घ्या' आणि खाली 'सावधान!' या दोन मजकुरांचा एकमेकांशी संबंध असतो, हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला. तोवर माझ्या शब्दावर लोकांनी पैसे खर्च केले होते.

रिव्ह्यूची रीत अशी. कंपनीची पीआर एजन्सी फोन पाठवते. तो थोडे दिवस वापरायचा, दिवसा-रात्रीचे फोटो काढायचे, एखादा जड गेम चालवून बघायचा, बॅटरी किती टिकते ते नोंदवायचं आणि फोन परत पाठवून द्यायचा. सोबत फोनचा वेग मोजणाऱ्या बेंचमार्क ॲपने दिलेला आकडा छापायचा. सॅमसंगचा गॅलक्सी एस4 ठरावीक बेंचमार्क ॲप ओळखतो आणि तेवढ्यापुरता वेग वाढवतो, हे 2013 मध्ये आनंदटेक या संकेतस्थळाने दाखवून दिलं होतं. मी ते वाचलं होतं. तरीही आकडे छापत राहिले, कारण आकड्यांमुळे मजकूर अभ्यासपूर्ण दिसायचा.

सुरक्षेच्या बातम्यांत माझी पहिली मोठी चूक झाली एप्रिल 2014 मध्ये, हार्टब्लीडच्या वेळी. मी मथळा दिला होता 'हार्टब्लीड व्हायरसचा धुमाकूळ'. हार्टब्लीड हा व्हायरस नव्हताच. जगभरातल्या असंख्य वेबसाइट ज्यावर चालतात त्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधली ती एक चूक होती. दोन संगणकांतला संपर्क चालू आहे ना, हे तपासायला एक छोटा संदेश पाठवला जातो आणि समोरच्याने तो जसाच्या तसा परत करायचा असतो. संदेशाची लांबी पाठवणारा सांगेल ती. ती खरी आहे का, हे सर्व्हर बघतच नव्हता. एक अक्षर पाठवून 'हे 64 किलोबाइट आहे' असं सांगितलं, की उरलेली जागा भरायला सर्व्हर आपल्या मेमरीत शेजारी असेल ते देऊन टाकायचा. त्यात कुणाचा पासवर्डही असू शकत होता.

मथळ्यापेक्षा सल्ला जास्त वाईट होता. 'आजच्या आज सगळे पासवर्ड बदला,' असं मी लिहिलं. वेबसाइटने स्वतःची दुरुस्ती केलेली नसेल, तर नवा पासवर्डही त्याच गळक्या मेमरीत जाणार. आधी साइटची दुरुस्ती, मग तिचं नवं सर्टिफिकेट आणि त्यानंतर आपला पासवर्ड, हा क्रम मला माहीत नव्हता. तो कुणाला विचारण्याइतका वेळही मी घेतला नाही, कारण पान संध्याकाळी जायचं होतं. गूगलने त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट जाहीर केली होती: ॲन्ड्रॉइडच्या आवृत्त्यांपैकी फक्त 4.1.1 ला हार्टब्लीडचा धोका आहे. मोबाइलवर लिहिणाऱ्या बाईने हे तरी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. ती बातमी वेबसाइटची आणि माझे फोन वेगळे, अशी माझी समजूत होती.

ही समजूत पुढच्या वर्षी मोडली. जुलै 2015 मध्ये झिम्पेरियम या कंपनीतल्या जोशुआ ड्रेक यांनी स्टेजफ्राइट ही त्रुटी उघड केली. ॲन्ड्रॉइडच्या व्हिडिओ चालवणाऱ्या भागातच खोट होती; एका एमएमएसमधूनही फोनचा ताबा घेता येऊ शकत होता. तेव्हा 95 कोटी फोनांना धोका असल्याचा अंदाज होता. मी चौकटीत लिहिलं, 'आपल्याकडे एमएमएस वापरतं कोण? तरी फोन अपडेट करून घ्या, म्हणजे झालं.' वेबपेजवरच्या व्हिडिओ फाइलमधूनही तोच हल्ला होऊ शकतो, हे मी वाचायचंच सोडून दिलं होतं.

चौकट छापून आली आणि बार्शीहून एका शिक्षकांचा फोन आला. "मॅडम, सगळीकडे शोधलं, अपडेट येतच नाहीये. तुमचा रिव्ह्यू वाचूनच घेतलाय हा फोन. आता काय करू?"

मी म्हणाले, "येईल हो सर, थोडे दिवस थांबा."

हे वाक्य मी कशाच्या आधारावर बोलले, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. गूगलने दुरुस्ती तयार केली होती. पण ती चिप बनवणाऱ्याकडून आणि फोन बनवणाऱ्याकडून पुढे सरकावी लागते. स्वस्त फोनासाठी ती मेहनत करायला बऱ्याच कंपन्या राजी नसत. मी पीआर एजन्सीला विचारलं. 'तपासून कळवतो' असं उत्तर आलं आणि नंतर काहीच आलं नाही. मीही पाठपुरावा केला नाही. त्याच कंपनीचा पुढचा फोन आला, त्याचाही रिव्ह्यू लिहिला, कॅमेऱ्याचं कौतुक केलं. मागच्या फोनाला अपडेट मिळालं नाही, याबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. मला कुणी दडपलं नव्हतं. पुढचा फोन येणं बंद होईल, ही भीती माझी मीच घालून घेतली होती.

तिसरी चूक मी एकदा नाही, वर्षानुवर्षं केली. ऑनलाइन व्यवहारांवरच्या प्रत्येक लेखात मी लिहायचे, 'पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट सुरक्षित.' ते कुलूप एवढंच सांगतं, की तुमच्या आणि साइटच्या मधला मजकूर सांकेतिक रूपात जातो. पलीकडे बँक बसली आहे की भामटा, हे ते सांगत नाही. लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्था या कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकट देऊ लागल्यावर ते भामट्यांनाही सहज मिळू लागलं. लोक कुलपाचा अर्थ चुकीचा घेतात म्हणून अखेर सप्टेंबर 2023 मध्ये क्रोमने ते चिन्हच काढून टाकलं. तो चुकीचा अर्थ पसरवणाऱ्यांत मी होते.

या सगळ्या चुकांचं मूळ एकच आहे. माझ्या हातात फोन नेहमी नवा असायचा आणि बातमी नेहमी आजची. वाचक मात्र तोच फोन तीन-चार वर्षं वापरतो आणि बातमीतली खोट दुरुस्त झाली का, हा प्रश्न त्याला दुसऱ्या दिवशी पडतो. त्या दुसऱ्या दिवसाबद्दल मी काहीच लिहीत नव्हते.

गूगलने ऑक्टोबर 2023 मध्ये पिक्सेल 8 ला आणि सॅमसंगने जानेवारी 2024 मध्ये गॅलक्सी एस24 ला सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं. हे महागडे फोन. स्वस्त फोनांना सहसा एवढी वर्षं मिळत नाहीत आणि आपल्याकडे बहुतेकांच्या खिशात स्वस्त फोनच असतात. म्हणून एवढं करा: सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी अपडेट'ची तारीख बघा. ती वर्षभर जुनी असेल आणि नवं अपडेट येत नसेल, तर त्या फोनावर बँकेचे व्यवहार ठेवू नका. नवा फोन घेताना मेगापिक्सेलच्या आधी विचारा, सुरक्षेची अपडेट किती वर्षं मिळणार? कंपनीने हे लेखी जाहीर केलेलं नसेल, तर तो फोन घेऊ नका, मग रिव्ह्यू कुणीही लिहिलेला असो.