परक्या घरचा नाताळ

पंचवटींत हिंवाळा उतरतो तो प्रथम गोदेच्या कांठावर. मार्गशीर्ष लागला म्हणजे पहांटे रामकुंडावर धुक्याचा पडदा पडतो, घाटाच्या पायऱ्या तळपायांस झोंबूं लागतात, आणि स्नानास आलेले यात्रेकरू पाण्यांत उतरण्यापूर्वीं क्षणभर कांठावरच घुटमळतात. मग हळूहळू ऊन वर येतें, आणि तें कोंवळें ऊन अंगावर घेत म्हातारीं माणसें ओट्यांवर येऊन बसतात. आम्ही जन्मापासून पंचवटीचे. तेव्हां या उन्हाचा आम्हांस मोठा अभिमान. परगांवचा पाहुणा आला कीं, "आमच्या नाशिकचा हिंवाळा पाहिलात ना?" हा आमचा पहिला प्रश्न ठरलेला. परंतु याच अभिमानापायीं आम्हीं एकदां एका परक्या मुलाचें मन दुखविलें. आपल्या शाळेच्या या वार्षिक अंकांत ती हकीकत सांगावी, असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घराच्या माडीवरील खोली आम्हीं एका विद्यार्थ्यास भाड्यानें दिली होती. तो पूर्व आफ्रिकेंतील केनिया देशाच्या मोंबासा शहरचा. शिक्षणासाठीं नाशकांत आला होता. वय एकोणीस-वीस, उंच, अबोल आणि फार नम्र. हिंदी मोडकें-तोडकें बोलत असे. मराठीचे चार शब्द आमच्या मुलांनीं शिकविले होते. मुलांचें ऐकून तो आमच्या मातुःश्रीस 'आजी' आणि आम्हांस 'काका' म्हणे. त्याचें तें येथील पहिलेंच वर्ष. डिसेंबरांत त्याच्या वर्गांतील मुलें सुटी लागतांच आपापल्या घरीं गेलीं. चोवीस तारखेस तो दिवसभर खोलीबाहेर आला नाहीं, म्हणून संध्याकाळीं आम्ही वर गेलों. खिडक्या लावून, अंगांत दोन स्वेटर घालून आणि वर कांबळें पांघरून तो बसला होता.

"काय रे, बरें वाटत नाहीं का?" आम्हीं विचारलें.

"बरा आहें, काका. आज घरीं..." एवढें बोलून तो थांबला.

आम्हांस वाटलें, पोर थंडीनें बेजार झालें आहे. मग आम्हीं समजावणीचा सूर लावला. आमचा एक भाचा टेनेरीफ बेटावर हॉटेलांत नोकरीस असे. त्याचें पत्र नुकतेंच आलें होतें. तेंच आम्हीं त्यास सांगावयास घेतलें. टेनेरीफ हें आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळील कॅनरी बेटांपैकीं सर्वांत मोठें बेट, राज्य स्पेनचें. मधोमध टाइडे नांवाचा ज्वालामुखी पर्वत, उंची ३,७१५ मीटर. हिंवाळ्यांत त्याच्या माथ्यावर बर्फ पडतें आणि खालीं समुद्राकडे केळीच्या बागा डोलत असतात. इंग्लंड, जर्मनी इत्यादि थंड देशांतील हजारों लोक, त्यांतही निवृत्त झालेले वृद्ध, केवळ उन्हासाठीं तेथें येऊन हिंवाळा काढतात आणि नाताळच्या दिवशीं समुद्रांत पोहतात. वर्षाच्या अखेरच्या रात्रीं घड्याळाच्या बारा ठोक्यांबरोबर द्राक्षाचे बारा मणि खाण्याची रीति तेथें आहे. आणि मुलांस भेटी मिळतात त्या मुख्यतः ६ जानेवारीस, पूर्वेकडून आलेल्या तीन राजांच्या सणास. द्राक्षांचें नांव ऐकून नाशिककरांस आनंद न झाला तरच नवल!

हें सारें सांगून आम्हीं समारोप केला, "पाहा, लोक पैसे खर्चून ज्या उन्हाच्या शोधांत जातात, तें ऊन येथें फुकट आहे. उद्यां सकाळीं गच्चीवर येऊन बस, म्हणजे सारें ठीक होईल."

त्यानें मान हालविली. मग खालीं पाहत तो म्हणाला, "आमच्या मोंबाशांत ऊन पुष्कळ आहे, काका."

आम्ही निरुत्तर झालों. जिना उतरतां उतरतां भाच्याच्या पत्राचा उत्तरार्ध आम्हांस आठवला, आणि तोच सांगावयाचा आम्ही विसरलों होतों! त्यानें लिहिलें होतें कीं, नाताळच्या संध्याकाळीं हॉटेलांत रोषणाई, गाणीं, पक्वान्नें, सारें कांहीं असतें. तरी जेवणें आटोपल्यावर कांहीं वृद्ध पाहुणे खुर्च्या ओढून बसतात आणि आपल्या गांवच्या बर्फाच्या, घरांतल्या शेगडीच्या आणि धुक्यांत वाजणाऱ्या घंटांच्या गोष्टी नोकरांनाच सांगूं लागतात. ज्या थंडीस कंटाळून ते पळून आले, तिच्याच या गोष्टी! आपखुशीनें आलेल्या सुखवस्तु माणसांची ही अवस्था. मग दूरदेशीं एकट्यानें शिकावयास आलेल्या पोराचें मन उन्हानें कसें भरावें?

मातुःश्री स्वयंपाकघरांत होत्या. आम्हीं घडलेला प्रकार त्यांस सांगितला. त्यांचें शालेय शिक्षण चार इयत्तांपलीकडे गेलेलें नव्हतें. पण काळ्यारामाच्या देवळांत आयुष्यभर त्यांनीं कथा-कीर्तनें ऐकलेलीं. त्या म्हणाल्या, "अरे, तूं पंचवटींत राहतोस आणि एवढें कळत नाहीं? इथें थंडींत रामानें लक्ष्मणास काय सांगितलें, तें विसरलास वाटतें."

आम्ही खरोखरच विसरलों होतों. वाल्मीकि रामायणाच्या अरण्यकांडांत हा प्रसंग आहे. हेमंत ऋतूंतील एका पहांटे राम, सीता आणि लक्ष्मण गोदावरीवर स्नानास निघाले असतां लक्ष्मण थंडीचें वर्णन करतो. आतां पाणी नकोसें वाटतें आणि अग्नि हवासा वाटतो. तहानलेला हत्तीही गार पाण्यास सोंड लागतांच ती मागें घेतो. बोलतां बोलतां त्यास भरताची आठवण होते. या गारठ्यांत भरतही व्रतस्थ राहून भुईवर निजत असेल आणि पहांटे शरयूच्या थंड पाण्यांत उतरत असेल, असें तो म्हणतो. त्याच ओघांत तो कैकेयीस दोष देऊं लागतो. तेव्हां राम त्यास थांबवितो. मधल्या मातेची निंदा करूं नकोस, भरताच्याच गोष्टी सांगत राहा, असें तो विनवितो. पंचवटीचा हिंवाळा कितीही रमणीय असला, तरी वनवासी रामास त्या पहांटे हवी होती ती घरची गोष्ट.

मातुःश्रींचे गुडघे दुखत. माडीचा जिना त्यांनीं कित्येक महिन्यांत चढला नव्हता. त्या दिवशीं कठड्यास धरून त्या वर गेल्या आणि त्याच्याजवळ बसून म्हणाल्या, "बाळ, आज तुमच्याकडे काय रांधतात?"

प्रश्न त्यास कळावयास थोडा वेळ लागला. पण कळतांच त्याचा चेहरा पार बदलला. तो म्हणाला, "चपाती!" त्यांच्याकडे नाताळास बोकडाचें मांस आणि पुलाव होतो, पण मुलांचे डोळे असतात ते चपातीवर. त्याची आई आणि मावशी सकाळपासून कणीक मळीत बसतात, आणि पहिली गरम चपाती कोणीं पळवावी यावरून भावंडांत भांडण जुंपतें. मातुःश्रींस हंसूं आवरेना. आमच्याकडे रोजची जी पोळी, ती याच्या देशीं सणाचें पक्वान्न! नंतर आम्हीं पुस्तकांत पाहिलें, तेव्हां कळलें कीं, १८९६ पासून मोंबाशाहून आंत रेल्वे घालण्यासाठीं नेलेल्या हिंदी मजुरांनीं आणि तेथें गेलेल्या व्यापाऱ्यांनीं हा पदार्थ त्या देशांत रुजविला. त्यानें हातवारे करून सांगितलें, "आमची चपाती जाड असते, आजी. तेल लावून गुंडाळतात, पुन्हा लाटतात. आंत पदर सुटतात." मातुःश्री म्हणाल्या, "म्हणजे आमची घडीची पोळी! चल खालीं." त्या रात्रीं मांस नव्हतें, बटाट्याचा रस्सा, भात आणि घडीच्या पोळ्या होत्या. पहिल्या पोळीवरून आमच्या मुलांनीं त्याच्याशीं रीतसर भांडण केलें, आणि तो प्रथमच मोठ्यानें हंसला.

जेवतांना त्यानें आपल्या गांवाच्या गोष्टी सांगितल्या. त्याच्या आजोबांचें घर मोंबाशाच्या ज्या भागांत होतें, त्यास फ्रिअरटाउन म्हणतात. तेथें एक जुनी घंटा आहे. तिच्यावरून त्या नाक्यास 'केंगेलेनी', म्हणजे घंटेपाशीं, असें नांव पडलें आहे. गुलामांचा व्यापार करणारे लोक येतांना दिसले कीं वस्तीस सावध करण्यासाठीं ती घंटा वाजवीत, असें तेथें सांगतात.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं होळकर पुलावरून गोदा ओलांडून आम्हीं त्यास शरणपूरच्या ख्रिस्तमंदिरांत नेलें. रेव्हरंड टिळकांचीं मराठी भजनें त्यास समजलीं नाहींत; पण टाळांच्या ठेक्यावर त्याचें पाऊल हालत होतें. प्रार्थना संपल्यावर तेथील एका वृद्ध गृहस्थांशीं गांठ पडली. मोंबासा हें नांव कानीं पडतांच ते म्हणाले, "मग तुम्ही आमच्या घरचेच!" आणि त्यांनीं जी हकीकत सांगितली, ती नाशकांत जन्म घालवूनही आम्हांस ठाऊक नव्हती.

गेल्याच्या मागल्या शतकांत हिंदी महासागरांत गुलामांचीं गलबतें पकडलीं जात, आणि त्यांतून सुटलेलीं कित्येक आफ्रिकन मुलें मुंबईस आणलीं जात. १८६० च्या सुमारास अशा मुलांसाठीं शरणपूरच्या मिशनच्या वस्तींत आश्रम निघाला. तेथें तीं लिहावयास, वाचावयास आणि सुतारकाम, लोहारकाम असे धंदे करावयास शिकलीं. १८६६ सालीं डॉ. लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अखेरच्या प्रवासास निघाले, तेव्हां त्यांच्याबरोबर नाशिकचे नऊ तरुण होते. १८७२ मध्यें आणखी कांहीं गेले; त्यांत जेकब वेनराइट हा होता. १८७३ सालीं आजच्या झांबिया देशांत लिव्हिंगस्टन वारले. त्यांचें हृदय ज्या झाडाखालीं पुरलें, तेथें प्रार्थना वाचली ती जेकबनें, आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरें कोरलीं तींही त्यानेंच. मग त्या एकनिष्ठ सोबत्यांनीं तो देह महिनोन् महिने चालून समुद्रकिनाऱ्यास पोंचविला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेंत झालेल्या दफनविधीस जेकब हजर होता. पुढें १८७५ च्या सुमारास शरणपूरचें काम पाहिलेले रेव्हरंड प्राइस यांनीं मोंबाशाजवळ मुक्त गुलामांची वस्ती वसविली. शरणपूरचे अनेक आफ्रिकन तेथें गेले. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नांवावरून तिला फ्रिअरटाउन नांव मिळालें. नवल असें कीं, स्वतःच्या खंडांत परत गेल्यावरही त्या लोकांस तेथें 'मुंबईचे आफ्रिकन' म्हणूनच ओळखीत. येथें ते आफ्रिकेचे, तेथें मुंबईचे!

आमचा मुलगा (आतां त्यास दुसरें काय म्हणावें?) बराच वेळ मुकाट उभा राहिला. ज्या वस्तीची घंटा लहानपणापासून त्याच्या परिचयाची, तिची कांहीं माणसें याच मातींतून गेलीं होतीं. मग त्यानें विचारलें, "काका, त्या मुलांस नाताळास घर आठवत असेल का? कोणी त्यांस विचारीत असेल का?"

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तीं बिचारीं कोवळ्या वयांत आईबापांपासून तोडलीं गेलीं. कित्येकांस आपल्या गांवाचें नांवही आठवत नसेल. त्यांस अन्न, वस्त्र, विद्या मिळाली. हिंवाळ्याचें हें ऊनही मिळालें. परंतु "तुमच्या घरीं आज काय रांधतात?" असें विचारणारी एखादी आजी त्यांतील प्रत्येकास भेटली असेल काय?

तो विद्यार्थी पुढें उत्तम रीतीनें उत्तीर्ण होऊन मायदेशीं गेला. दर वर्षीं चोवीस डिसेंबरच्या संध्याकाळीं त्याचा फोन येत असे, आणि मातुःश्रींचा पहिला प्रश्न एकच असे, "पोळ्या झाल्या का रे?" मातुःश्री आतां नाहींत. फोन मात्र अजून येतो, आणि तो प्रश्न आतां आम्ही विचारतों.

विद्यार्थिमित्रहो, सुटीच्या दिवसांत आपल्या वसतिगृहांत, आपल्या गल्लींत, घरीं जाऊं न शकलेला एखादा सोबती असतोच. त्यास आपल्या नाशिकचें ऊन दाखवा, आपली गोदा दाखवा; पण तें मागाहून. आधीं त्याच्याजवळ बसून त्यास त्याच्या घरची गोष्ट सांगूं द्या.