राधानगरची पुळण

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अंदमानातले स्वराज द्वीप गाठले. 2018 पर्यंत याचेच नाव हॅवलॉक. राधानगरच्या किनाऱ्यावर चाळलेल्या पिठासारखी पांढरी, मऊ वाळू आणि पाठीशी उंच झाडांची गर्द राई! मुंबईला चहाची वेळ, तर इथे पाचाच्या सुमारास सूर्य बुडालासुद्धा.

शहाळी विकणाऱ्या बंगाली आजींना सौभाग्यवतींनी सहज विचारले, "आपले गाव कोणते?"

"हेच!" आजी म्हणाल्या. मग क्षणभर थांबून, "त्याआधीचे पूर्व बंगालात. आईच्या कडेवर बसून आले."

1950 च्या दशकात तिकडचे निर्वासित इथे वसले. गावांची नावे राधानगर, गोविंदनगर, कृष्णनगर.

आम्ही दोन दिवस घर विसरायला आलो होतो. त्यांनी मात्र हरवलेले घर इथे पुन्हा मांडले होते.