शेणव्याचा मोह

आसनगावला लोकलमधून उतरलं की शहापूर, आणि तिथून शेणव्याची एसटी. महामार्गावरच्या बहुतेक गाड्या कसारा घाट चढून नाशिकच्या वाइनरी गाठतात. मला मात्र चैत्रातला मोह बघायचा होता, म्हणून मुक्काम शेणव्यात केला.

मोह गळतो पहाटे. उजाडायच्या आत पाड्याजवळच्या झाडाखाली पोहोचले, तर ठाकूर आजी आणि तिच्या नाती टोपल्या घेऊन आधीच वेचायला बसलेल्या. फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा झाडून काढलेला. फूल जाड, रसाळ, फिकट पिवळं, बोटांना चिकटणारं. वास गोड, पण त्यात किंचित आंबूस उग्रपणा. "ताई, खाऊन बघा, पण रिकाम्या पोटी लई नको," आजी म्हणाली. अंगणात आधीच्या दिवसांची फुलं वाळत होती. सुकून तांबूस झालेली, मनुकांसारखी सुरकुतलेली.

ती पाहताना मला इटलीतली आमारोने वाइन आठवली. वेरोनाजवळच्या वालपोलिचेल्लात द्राक्षं खुडून थंडीत महिनोन्‌महिने वाळवतात. वजन सुमारे एक तृतीयांशाने घटतं, साखर दाटते, मग आंबवण. त्यातून निदान चौदा टक्के मद्यार्काची, काळसर लाल, जबरदस्त वाइन तयार होते. तिच्यापुढे हलकं जेवण टिकत नाही. तासन्‌तास शिजवलेलं मांस, जुनं मुरलेलं चीज, त्याच वाइनमध्ये शिजलेला भात असं काही लागतं. 2010 साली इटलीने तिला कायद्यातला सर्वोच्च दर्जा दिला. मोहाची दारू गाळलेली असते, वाइन नव्हे, हे खरं. पण दोन्हींच्या मुळाशी वाळवून दाट केलेली साखरच आहे.

आपल्याकडे कायदा आला तो उलट्या दिशेने. 1878 च्या अबकारी कायद्याने घरगुती गाळप मोडायला सुरुवात झाली, आणि 1892 च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलांवरही निर्बंध आले. दुष्काळात पोटाला आधार देणारं फूल घरात ठेवणंही संशयाचं ठरलं. उरणच्या परवानाधारक भट्ट्यांना मात्र मोह लागायचाच; तो पंचमहालांसारख्या दूरच्या मुलखातून येई. सरकारला दारू बंद करायची नव्हती, तिचा महसूल हातात हवा होता. त्याच 1892 साली याच तालुक्यातल्या तानसा धरणाचं पाणी मुंबईला मिळू लागलं. इथलं पाणी शहराला गेलं आणि इथल्या माणसांच्या हातातलं फूल काढून घेतलं गेलं, हे मला विसरता येत नाही.

आजीने नाचणीची भाकरी थापली, सुके बोंबील निखाऱ्यावर भाजले, आणि लाल मिरची, लसूण, मीठ पाट्यावर वाटलं. बोंबलाचा खारट, धुरकट कडकपणा मोहाच्या गोडीला अगदी सरळ उत्तर देतो. पाहुणा आला की गावठी कोंबडीचा झणझणीत रस्सा, जोडीला वरईचा भात. सुकी फुलं भाजून कुटली की भाकरीतही जातात. पुढे मोहाला फळं धरतात, त्या मोहट्यांची भाजी होते आणि बियांचं तेल निघतं. दारूने पाड्यातली घरं मोडतात, हेही आजीनेच सांगितलं. तिच्या स्वतःच्या घरात ते घडलेलं. तरी झाडाला ती दोष देत नव्हती.

राज्याने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली. मोहाची फुलं गोळा करून साठवण्यावरचे जुने निर्बंध आदिवासींसाठी सैल व्हायला 2021 उजाडलं. विनापरवाना गाळप अजूनही 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. पुढेमागे मोहाला मान मिळेल, बाटलीवर नक्षीदार चिठ्ठीही लागेल. तेव्हा परवाना शेणव्यासारख्या गावातल्या बायकांच्या बचत गटाला मिळाला पाहिजे. पुन्हा कुठल्या तरी उरणच्या भट्टीला नव्हे.