निळं दिसलं म्हणजे रक्तच असं नाही

ल्युमिनॉल मारायचं तर आधी काळोख लागतो, आणि दिवसाढवळ्या काळोख करणं हीच या कामातली खरी हमाली. झरोक्याला काळं प्लास्टिक, दाराच्या फटीला चादर, पंचांचे मोबाईल बंद. जुन्या वाड्यातल्या त्या खोलीत शहाबादी फरशी धुऊन लख्ख केलेली होती. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसेना.

फवारा मारताच मोरीच्या कडेला निळा उजेड उठला. “सापडलं, मॅडम!” हवालदार ओरडलेच. म्हटलं, जरा दम धरा. 1937 मध्ये जर्मनीत वाल्टर श्पेख्ट यांनी हे रसायन गुन्हे तपासात आणलं, तेव्हापासून त्याची खोड तीच आहे. हिमोग्लोबिनमधल्या लोहामुळे ते चमकतं. पण तांब्यानंही चमकतं, ब्लीचिंग पावडरनंही, मुळ्याच्या रसानंही. या मोरीत तर रोज तांब्याचे हंडे चिंचेनं घासले जायचे.

उंबऱ्याच्या फटीतला उजेड मात्र वेगळा वाटला. सावकाश आला आणि जरा रेंगाळला. बादल्या ओतून फरशी धुतली की रक्त जातं कुठे? पाण्याबरोबर सरकतं आणि लाकडाच्या भेगेत जाऊन बसतं. जुनं झालं की ल्युमिनॉलला उलट जास्तच दाद देतं. उजेड मावळायच्या आत तिवईवरच्या कॅमेऱ्यानं फोटो घेतले.

फवाऱ्यातच पेरॉक्साइड असतं, म्हणून पुढच्या चाचणीचे नमुने न भिजलेल्या जागेवरूनच घ्यावे लागतात. मोरीलगतचा कापसाचा बोळा फिनॉल्फ्थॅलिनच्या द्रावणाचा थेंब पडताच गुलाबी झाला, पेरॉक्साइड घालण्याआधीच. म्हणजे बाद. भेगेत खोलवर फिरवलेला बोळा तसाच पांढरा राहिला, आणि पेरॉक्साइडचा थेंब पडल्याबरोबर गुलाबी झाला. मला हवा होता तो क्रम हाच.

तरी रक्त माणसाचं की बकऱ्याचं, ते यातून कळत नाही. बाहेर घरमालक पोलिसांना सांगतच होता, “रविवारी मटण तिथंच साफ केलं, साहेब.” खरंही असेल, ते ठरवायचं प्रयोगशाळेनं. सुताराला बोलावून उंबऱ्याचा तेवढा तुकडा कापून घेतला आणि कागदी पाकिटात घातला, कारण प्लास्टिकमध्ये ओल कोंडून बुरशी धरते. लाखेचं सील झालं, पंचांनी सह्या केल्या आणि मुद्देमाल जीपमध्ये गेला.