खाडीपलीकडची कॉफी

उलवे हे काही सहलीचे ठिकाण नव्हे. तेथे किल्ला नाही, लेणे नाही, की थंड हवा नाही. तरीही वाचकहो, एखाद्या सुटीला नेरूळहून उरणची गाडी पकडा आणि खाडी ओलांडून बामणडोंगरीला उतरा. खारफुटीची झाडी मागे पडते न पडते तोच उंच इमारतींच्या रांगा समोर उभ्या राहतात. ही गाडी २०१८ च्या नोव्हेंबरात खारकोपरपर्यंत आली आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणला पोचली. त्याच महिन्यात शिवडीहून येणारा सुमारे २२ किलोमीटरांचा अटल सेतू खुला झाला. शेजारच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडली गेली, नदीचा ओघ वळवला गेला, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली.

आज जेथे स्वयंपाकघरे आहेत तेथे पूर्वी भाताची खाचरे होती. आगरी-कोळ्यांची ही भूमी. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जवळच्याच जासई परिसरात शेतकऱ्यांनी रास्त मोबदल्यासाठी आंदोलन केले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. पुढे जमीनमालकांना साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. उलव्यातल्या कितीतरी इमारती अशाच भूखंडांवर उभ्या आहेत.

अशाच एका इमारतीत माझ्या पुतणीने लग्नानंतर बिऱ्हाड मांडले. मजल्यावर चार दारे आणि चार भाषा! समोरच्या दारी एक तमिळ मामी. रोज सकाळी त्यांच्या घरातून असा काही दरवळ यावा की, जिन्याने उतरणारा माणूस क्षणभर थांबलाच पाहिजे.

"काका, आपल्या कॉफीला असा वास का हो येत नाही?" पुतणीने एकदा मला विचारले.

प्रश्न रास्त होता. आपल्या घरची कॉफी म्हणजे दूध, साखर आणि पूड एकत्र खळखळ उकळावयाची आणि वर जायफळ किसावयाचे. उकळ्या फुटता फुटता कॉफीचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो, कडवटपणा तेवढा मागे राहतो. मग वास येतो तो जायफळाचा!

शेवटी तिने मामींचेच दार ठोठावले. मामींनी फळीवरून स्टीलचा दुमजली फिल्टर काढला. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक भोके, खालचे भांडे अर्क झेलावयाला. वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड घातली, दांड्याची चकती अलगद टेकवली. पूड घट्ट दाबली की पाणी अडते, आणि फार भरड असली की पाणी भरकन निघून जाते, चव काही उतरत नाही. पाणी उकळल्यावर मामींनी ते अर्धा मिनिट तसेच राहू दिले. मग बेताबेताने ओतले आणि झाकण ठेवले.

"आता हलवू नकोस. कॉफीला घाई चालत नाही," मामी म्हणाल्या.

पंधरा-वीस मिनिटांत थेंबथेंब करून काळाभोर अर्क खाली जमला. पेल्यात एक भाग अर्क, वर अडीच-तीन भाग कढत दूध, आणि चवीपुरती साखर. अर्क पुन्हा चुलीवर ठेवावयाचा नाही. बस्स, एवढेच शास्त्र! महागडे यंत्र नको, की परदेशी उपकरण नको.

पुडीची मात्र पारख हवी. चिकोरी म्हणजे एका वनस्पतीचे भाजून दळलेले मूळ. ते अर्काला रंग आणि दाटपणा देते. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे चिकोरीमिश्रित पुडीत निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते. नवशिक्याने पाकिटावरचे प्रमाण वाचून चिकोरी कमी असलेली पूड घ्यावी. खाडीकाठच्या दमट हवेत पूड लवकर सर्दावते. म्हणून एका वेळी पाव किलोहून अधिक आणू नये आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

मामींची पूड येते माटुंग्याहून. नेरूळला गाडी बदलावी, कुर्ल्याला पुन्हा बदलावी, की शीव आणि मग माटुंगा. तेथे दुकानदार तुमच्यासमोर बिया दळून देतो. 'पीबेरी' म्हणजे काय, तेही सांगतो: कॉफीच्या फळात एरवी दोन चपट्या बिया असतात, एकच गोल बी धरली की ती पीबेरी. बाबा बुडन यांनी मोखाहून सात बिया आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही आख्यायिकाही कानी पडते.

परंतु माटुंगा तरी मूळचे कोठे कॉफीचे गाव होते? १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याने शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर आखलेली ती नवी वसाहत. दक्षिणेकडची मंडळी नोकरीसाठी तेथे आली आणि येताना आपला फिल्टर घेऊन आली. १९४२ मध्ये रामा नायक यांनी स्थानकाजवळ उडुपी खानावळ काढली, ती आजही केळीच्या पानावर जेवू घालते. परक्या मातीत एक चव रुजली, आणि तीच पुढे त्या वस्तीची ओळख झाली.

उलव्याचे तसेच होईल काय? पुतणीच्या घरी तरी आरंभ झाला आहे. तिने फिल्टर घेतला, पण जायफळ टाकून दिले नाही. आता ती पाहुण्यांसाठी दूध-साखर उकळते, गॅस बंद करून मगच पूड घालते, तीन-चार मिनिटे झाकते आणि गाळून वर चिमूटभर जायफळ किसते. दोन्ही वास जागच्या जागी राहतात.

तळमजल्यावरच्या आगरी आजींनी मामींची कॉफी "कडू" म्हणून बाजूला सारली होती. पुतणीची जायफळाची कॉफी मात्र त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. इमारत उभी आहे तो भूखंड त्यांच्याच घरचा. आजींना पसंत पडली, म्हणजे कॉफी उलव्यात रुजली म्हणावयास हरकत नाही. या दिवाळीत फराळाची ताटे शेजारी जातील, तेव्हा तुम्हीही घटकाभर बसा आणि त्यांच्या घरची कॉफी कशी करतात ते विचारून घ्या.